राजीनाम्याचे पत्र लिहून तयार आहे

नव्या कारखान्याचे नेमणूकपत्र हातात आले आहे, त्यात पद आणि पगार दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत, घरच्यांचा होकार आहे, आणि तरीही मालकांच्या केबिनकडे जायचे म्हटले की छातीत धडधडू लागते. बढती मिळत असताना ही धडधड नेमकी कशाची, याचा गेले काही दिवस मी विचार करते आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना तो कदाचित आपलाच वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या क्वालिटी विभागात मी नऊ वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. नवे काम चिंचोळी एमआयडीसीत आहे. धंदा तोच, पण तिथे संपूर्ण विभागाची जबाबदारी माझ्याकडे येणार आहे. गाव सोडावे लागत नाही, म्हणून सगळे मला भाग्यवान म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्याच गावात, त्याच धंद्यात नोकरी बदलणे हे पुण्याला निघून जाण्यापेक्षा अवघड असते, असे माझे मत झाले आहे. सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या धंद्यातली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात. सूत देणारा व्यापारी दोन्हीकडे तोच असतो, रंगाईचे काम करणारा तोच असतो, आणि जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, तर आज या शेडमध्ये आणि पुढच्या वर्षी त्या शेडमध्ये. मी सांगण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली तर काय, हीच भीती मला सर्वांत जास्त वाटते. नव्या कामाची भीती तिच्यापुढे काहीच नाही.

कारण हे काम मला मालकांनीच शिकवले. टॉवेलचे वजन तपासताना आम्ही गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, तो काट्यावर ठेवतो आणि आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणतो, तुकडा ४.५ ग्रॅम भरला तर टॉवेल ४५० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा. मी नवीन असताना मालक तपासणीच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, टॉवेलची घडी माझ्या तळहातावर ठेवायचे आणि काट्याला हात लावण्याआधी आकडा सांगायला लावायचे. माझा अंदाज चुकला की ते रागवत नसत, तीच घडी पुन्हा हातावर ठेवत. आज मी लूप कुठे ओढला गेला आहे हे बोट फिरवून सांगू शकते आणि किनारीची वीण सैल असली तर लांबूनही ओळखते, आणि नव्या ठिकाणी मला जे पद मिळते आहे ते याच नजरेच्या जोरावर. ज्यांनी ही नजर दिली त्यांनाच ती घेऊन चालले आहे असे सांगायचे आहे.

शिवाय माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी मालकांनी मला उचल दिली होती. ती दर महिन्याच्या पगारातून कापून केव्हाच फिटली आणि वहीत माझ्या नावापुढे बाकी उरलेली नाही. पैशाचा हिशेब असा पूर्ण होतो, उपकाराचा होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही उपकाराची जाणीव ठेवणे आणि त्या जाणिवेपोटी आहे त्याच खुर्चीत आयुष्यभर बसून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आता पटले आहे. आमच्या विभागाचे सध्याचे प्रमुख अनुभवी आहेत, चांगले आहेत आणि त्यांना निवृत्त व्हायला बराच अवकाश आहे. माझ्या वरची जागा रिकामी होणार नाही, यात दोष कोणाचाच नाही.

बाबांशी बोलणे मात्र सोपे गेले नाही. ते गिरणी कामगार होते. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे सोलापूरकर आजही पत्ता सांगताना घेतात, पण त्यांचे भोंगे कधीच थांबले. गिरण्या बंद पडल्यावर ज्या घरांत पगार येणे थांबले, त्या घरांत चालू नोकरी आपण होऊन सोडणे ही कल्पनाच सहन होत नाही. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “इतक्या वर्षांचं ग्रॅच्युइटीचं काय? ते बुडणार नाही ना?”

त्यांच्या या प्रश्नामुळे मी कागदपत्रे घेऊन बसले, आणि त्याचा मला फार उपयोग झाला. सलग पाच वर्षे सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क राहतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या शेवटच्या मासिक रकमेला २६ ने भागून १५ ने गुणायचे, म्हणजे एका वर्षाचा आकडा मिळतो. ही रक्कम २६,००० असेल तर वर्षामागे १५,००० रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराला मिळणारा कायमचा क्रमांक, बदलत नाही, खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घ्यायचे असते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी १० वर्षांची सेवा दोन्हीकडची मिळून मोजली जाते. हे सगळे मी वहीच्या पानावर मांडून बाबांना दाखवले. त्यांनी आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले, मग मान हलवली. भीतीचा जो भाग पैशाचा होता, तो त्या संध्याकाळी संपला.

राहिला भाग समोर उभे राहून सांगण्याचा. सोमवारी सकाळी शेडमधली फेरी संपवून मालक केबिनमध्ये येऊन बसतात, तेव्हा जायचे ठरवले आहे. आधी तोंडी सांगेन, पत्र नंतर देईन. पत्र टेबलावर सरकवून गप्प उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. कोणत्या कारखान्यात जाते आहे हे त्यांनी विचारण्याआधी स्वतःच सांगेन, कारण चार दिवसांत ते त्यांना कळणारच आहे आणि ते माझ्याकडून कळावे हा त्यांचा हक्क आहे. नोटिशीचा महिना पूर्ण भरेन, आणि निर्यातीच्या मालाची तपासणी अर्धवट टाकून जाणार नाही.

“पगार वाढवून देतो, थांब,” असे ते म्हणतील, अशीही शक्यता आहे. त्या वेळी थांबायचे नाही, हे मी पक्के केले आहे. राजीनाम्याचा कागद दाखवून मिळवलेली पगारवाढ मला त्यांच्याकडून नको आहे, आणि तिने वरची जागाही रिकामी होणार नाही. “मालक, मी पगारासाठी जात नाही. पूर्ण विभाग सांभाळायची संधी मिळतेय, आणि ती तुम्ही शिकवलेल्या कामामुळे मिळतेय,” एवढेच मला म्हणायचे आहे. स्वयंपाक करताना हे वाक्य मी मनाशी अनेकदा म्हणून पाहते. अजून तरी “तुम्ही शिकवलेल्या” या शब्दांशी आले की आवाज कापतो.