दिल्ली–टोकियो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ

टोकियोचं तिकीट हातात आलं की आधी घड्याळं जुळवून घ्या. जानेवारीत आमचं विमान रात्री ९ च्या सुमारास दिल्लीहून निघून सकाळी ८ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलं. परतीचं सकाळी ११ ला सुटून संध्याकाळी ५ ला दिल्लीत. तिकिटावरून वाटतं, जाताना ११ तास आणि येताना फक्त ६! पण जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे लांबचा प्रवास परतीचाच.

दिल्ली ते हानेदा सरळ अंतर साधारण ५,८६० किमी. सरळ रेष मात्र तिबेटवरून जाते, आणि तिथे विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झटकन खाली आणावं लागतं, आणि खाली डोंगरच इतके उंच की उतरायला जागा नाही. म्हणून हिमालयाला दक्षिणेकडून वळसा.

वेळेतला फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात जपानवर पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक. जाताना समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किमीच्या वर गेला होता. येताना त्याच टापूत ७०० च्या खाली. गंमत म्हणजे हा वारा १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजला होता. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला, आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. उन्हाळ्यात हा जोर ओसरतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरकही कमी होतो.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी परतीला दिल्लीत निदान चार तास हाताशी ठेवावेत. इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणं, कस्टम्स, पुन्हा सामान देणं, कदाचित टर्मिनलही बदलणं, आणि वर जानेवारीतलं धुकं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत आणि पुढचं चुकलं, तर भुर्दंड तुमचा.

पर्याय असेल तर हानेदाच निवडा. टोकियोचा दुसरा विमानतळ, नारिता, शहरापासून ६० किमीवर आहे आणि रात्री उशिरा पोचलात तर ट्रेन मिळत नाही. परतीला उजवीकडची खिडकी घ्या. हवा स्वच्छ असली तर दुपारी हिमालय दिसतो. जपानला डबा न्यायचा तर भाकरी-चटणी चालेल, मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं नकोत.

आणि शाकाहारी असाल तर जेवण आधीच नोंदवा, पण ‘हिंदू मील’ निवडू नका. त्यात चिकन किंवा मटण येऊ शकतं. ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ निवडा.