ओव्हन नसलेला कुकीजचा कारखाना : आमची वाटचाल

आमच्याकडे ओव्हन नाही. तयार बिस्किटं घरी सजवायचं सामान आम्ही खोक्यात भरून विकतो. नाताळच्या कुकीज करतो म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा ओव्हन किती लिटरचा ते विचारतो, आणि नाहीच म्हटल्यावर जरा गोंधळतो. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, म्हणजे 50,000 रुपयांपर्यंतचं, मागायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनाही कागदांत ओव्हनचं कोटेशन जोडायचं राहिलंय असंच वाटलं. त्या कागदांत होतं एक मायक्रोवेव्ह, चॉकलेट वितळवायचं छोटं यंत्र, पिशव्यांना सील मारायचं मशीन आणि स्टीलची दोन टेबलं. आजही हीच सामग्री आहे, नग तेवढे वाढले.

आम्ही वसईचे, पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या वाड्यांमधले. इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला जो फराळ होतो त्यातल्या बऱ्याचशा जिनसांना भट्टी लागतच नाही. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, त्या तळायच्या. कुलकुल काट्याच्या पाठीवर वळून तळायचे. मिल्क क्रीम कढईत आटवायचं, मार्झिपानला बदाम परवडत नाहीत म्हणून काजू वाटायचे, आणि दोन्ही रबरी साच्यांत दाबून शिंपले, मासे, गुलाब, पानं काढायची. जुजुब्सना, म्हणजे जेलीच्या गोळ्यांना, चायना ग्रास पुरतं. भाजायचा तो केक, आणि त्यालाही आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. पीठ घरी फेटून डबे पावाच्या भट्टीवर न्यायचे, डब्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची आणि आपल्या घाण्याची वाट बघत बसायचं. सजवलेली, न भाजलेली गोडं ही आमच्यासाठी काही नवलाई नव्हती. पोरांना मात्र टीव्हीत बघितलेला लाल नाकाचा रेनडिअर बिस्किटावर हवा होता.

तो रेनडिअर पहिल्यांदा बनला 2015 च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या) मुलांच्या शिबिरात. वर्गात प्लगचा एकच पॉइंट, आणि त्यावर पंखा. भाजणं शक्यच नव्हतं, म्हणून मारी बिस्किटं, वितळवलेलं कंपाउंड (कोको बटरऐवजी तेलाचं चॉकलेट), खोबऱ्याचा कीस आणि रंगीत गोळ्या एवढ्यावर सगळं बसवलं. मुलं खूश झाली, पण धंदा सुरू झाला तो त्यांच्या आयांमुळे. दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न : सामान कुठे मिळतं? मिळत होतं क्रॉफर्ड मार्केटात. वसईहून चर्चगेट लोकल, तिथून चालत, आणि दुकानात पांढरं कंपाउंड थोडंसं मागितलं तर दुकानदार अख्खी स्लॅब पुढे सरकवणार. रंग, स्प्रिंकल्स, नॉझल, सगळ्याचं तसंच. एका घरच्या डझनभर बिस्किटांसाठी वर्षभर पुरेल एवढं सामान घ्यावं लागे. आम्ही ते आणून, तोडून, मोजून, एका घराला पुरेल एवढं एका खोक्यात भरू लागलो. आमचा धंदा मुळात हाच आहे, सुट्या मापात सामान आणि ते कसं वापरायचं त्याचं चित्र.

सामान निवडताना बरंच डोकं लागलं. बिस्किटाचंच बघा. क्रीमचं बिस्किट बुडवलं की वरची चकती सरकते. ग्लुकोजचं बिस्किट चौकोनी, बिस्किटांचं घर करायचं तर भिंतीला उत्तम, पण गोल चेहरा त्यातून निघत नाही. डायजेस्टिव्ह दणकट असतं, मात्र पृष्ठभाग खडबडीत आणि कडेने भुगा सुटतो. तो भुगा पांढऱ्या कंपाउंडात उतरला की हिममानव (स्नोमॅन) मळकट दिसतो. शेवटी मारीवर आलो. गोल, सपाट, कमी तुपाचं, आणि मुलांना परकं न वाटणारं. (1874 मध्ये रशियाच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजपुत्राशी झालं, त्या वेळी लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने तिच्या नावाने हे बिस्किट काढलं. आपल्याकडे ते आजारी माणसाच्या चहाबरोबर स्थिरावलं.) नक्षीची बाजू खाली ठेवायची, गुळगुळीत बाजूवर काम करायचं.

चॉकलेटबद्दल स्पष्टच सांगते, कारण नाकं मुरडणारे भेटतात. आम्ही कंपाउंड वापरतो आणि खोक्यावर तसं छापतो. अस्सल चॉकलेटात कोको बटर असतं. ते साधारण 34 अंशांना वितळतं, आणि पुन्हा चकचकीत गोठावं म्हणून त्याला ठरावीक तापमानांतून खालीवर न्यावं लागतं, ज्याला टेंपरिंग म्हणतात. आठ वर्षांच्या मुलाने स्वयंपाकघरात टेंपरिंग करावं अशी अपेक्षा कोणी धरू नये. कंपाउंडात कोको बटरऐवजी पामसारख्या झाडाचं घट्ट तेल असतं. वितळवा, बुडवा, बटर पेपरवर ठेवा, वसईच्या हवेतही अर्ध्या तासाच्या आत ते सुकतं. चवीला अस्सल चॉकलेट सरस, यात वाद नाही. पण हातात घेतल्यावर डाग न पडणारा रेनडिअर हवा असेल तर कंपाउंड.

त्याला एकाच गोष्टीचं वावडं आहे, पाण्याचं. वितळलेल्या कंपाउंडात ओला चमचा गेला की साखर ते पाणी ओढून घेते आणि सगळ्याचा घट्ट, रवाळ गोळा होतो. पाण्यात विरघळणारे खाण्याचे रंगही म्हणूनच चालत नाहीत, तेलात मिसळणारे घ्यावे लागतात. डबल बॉयलरची, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याची, वाफही नडते. आणि सुकवायची घाई म्हणून बिस्किटं फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो, साखर वर येऊन पांढरे डाग पडतात आणि बिस्किट मऊ पडतं ते वेगळंच. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे सगळं अंमळ जास्तच होतं.

यातून निघाला आमचा कोन, मेंदीचा असतो तसा, आणि या धंद्यात आमचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो. वाटी, गॅस, वाफ हे सगळं टाळायचं तर कंपाउंड आधीच कोनात भरून, सील करून द्यायचं. घरी पेल्यात गरम पाणी घ्यायचं, उकळतं नाही, बोट क्षणभर टिकेल इतपत. त्यात कोन सहा-सात मिनिटं उभा ठेवायचा, मध्ये एकदा दाबून बघायचं, बाहेर काढून कोरड्या फडक्याने नीट पुसायचा आणि मगच टोक कापायचं. पांढरं कंपाउंड फार तापलं तरी रवाळ होतं, म्हणून उकळत्या पाण्याला मनाई चित्रात लाल फुलीने दाखवली आहे. बुडवायचं कंपाउंड वेगळं असतं, 12 मारी बिस्किटांना साधारण 150 ग्रॅम. ते मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांनी ढवळत वितळवायचं, आणि ते मोठ्यांनी करावं.

कोन भरणं, वळणं, सील करणं हे कोणाला जमेल याचा फार विचार करावा लागला नाही. गावातल्या मेंदी काढणाऱ्या मुली आल्या. त्यांचा हात स्थिर, रेघ एका जाडीची, आणि कोनाचं टोक किती कापायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. नमुन्यादाखल लागणारी सजवलेली बिस्किटं त्याच करतात. अडचण एवढीच की तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, आणि आमचा हंगामही तोच. एका नवरीच्या मेंदीला जे मिळतं त्याच्या आसपास रोज दिला नाही तर डिसेंबरात टेबलं रिकामी राहतील. आम्ही तो देतो. खोक्याची किंमत जास्त वाटते असं म्हणणाऱ्यांना मी हेच कारण सांगते.

सजावटीत परदेशी पाककृती जशाच्या तशा उचलल्या तर अर्धं सामान मिळत नाही. रेनडिअरच्या शिंगांना तिकडे प्रेट्झेल लावतात. आम्ही चकली मोडून लावतो. वेढ्याचा एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, काटेही आयते असतात. खारट तुकडा गोड बिस्किटाबरोबर छान लागतो. दिवाळीचा फराळ संपला की गावातल्या बचत गटाच्या बायकांना काम नसतं, त्यांच्याकडून बारीक साच्याची, बिनतिखटाची चकली करून घेतो. तेल चांगलं निथळलेलं असावं लागतं, नाहीतर बिस्किटावर पिवळट कडी उमटते, म्हणून शिंगांची पुडी वेगळी असते. वितळणाऱ्या हिममानवाचं डोकं परदेशात मार्शमेलोचं करतात. त्यात बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यातून काढलेलं, आणि बिनजिलेटिनचं महाग. आम्ही बत्तासा लावतो. पांढरा, घुमटी, स्वस्त, आणि देवळाबाहेरच्या दुकानात मिळतो. डोळ्यांना काळे तीळ, नाकाला केशरी टुटीफ्रुटीचा तुकडा. सांताच्या दाढीला खोबऱ्याचा कीस.

बत्ताशाचा निर्णय नुसता पैशाचा नव्हता. आमची बरीच खोकी बोरिवली-मुलुंडच्या गुजराती आणि जैन घरांत जातात, कारण यात अंडं नाही. ही घरं घटकांची यादी भिंग लावून वाचतात आणि बरोबर वाचतात. परदेशी लाल स्प्रिंकल्सच्या पाकिटावर कधी 120 हा आकडा असतो. तो कारमाइन, कोचिनील किड्यापासून काढलेला रंग. 904 म्हणजे लाख, गोळ्यांना चकाकी आणायला वापरतात, तीही किड्याचीच देणगी. हिरवा ठिपका छापायचा तर हे दोन आकडे आधी शोधायचे, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी आम्ही सुरुवातीलाच केली. तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला 100 रुपये शुल्क होतं, त्यामुळे ती न करण्याला काही सबबच नव्हती. गहू, दूध आणि सोया असल्याची सूचनाही खोक्यावर ठळक असते.

2018 च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली तेव्हा पारदर्शक डबे गेले आणि पुठ्ठ्याचं खोकं आलं. आतला माल दिसेना, म्हणून झाकणावर चित्र छापलं. विक्री त्या चित्राने वाढली असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मला ती शाळांमुळे वाढली असं वाटतं.

शाळा हेच आमचं मोठं गिऱ्हाईक होतं. नाताळच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात एकेका शाळेत वर्गच्या वर्ग बसून बिस्किटं सजवायचे. 2020 मध्ये शाळा बंद. त्या वर्षी 22 डिसेंबरपासून राज्यातल्या महापालिकांच्या हद्दीत रात्री 11 नंतर संचारबंदी होती, मध्यरात्रीचा मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) नाही, कॅरल गात घरोघरी फिरणं नाही. घरात अडकलेल्या मुलांसाठी पालकांनी खोकी मागवायला सुरुवात केली, आणि शाळेसाठी केलेलं खोकं घरात शिरलं. बदल एवढाच केला की शिक्षिकेऐवजी चित्रांनी शिकवायचं, म्हणून सूचनापत्रिका पुन्हा लिहिली, वाक्यं कमी, चित्रं जास्त. वसईबाहेरच्या ऑर्डरी त्याच डिसेंबरातल्या. त्यानंतर शाळा उघडल्या तरी घरगुती खोकी शाळांच्या पुढेच राहिली.

आता ओव्हन घ्या, असं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. एका हॉटेलने भाजलेल्या जिंजरब्रेडची, म्हणजे आल्याच्या बिस्किटाच्या घरांची, मोठी ऑर्डर देऊ केली होती. जिंजरब्रेड करणारे मुंबईत पुष्कळ आहेत, चांगले आहेत, आणि त्यांच्याशी स्पर्धा करायची तर आम्हाला बेकर व्हावं लागेल. शिवाय भाजलेलं घर आम्ही विकलं की ते मूल सजवत नाही, नुसतं बघतं. त्याऐवजी ग्लुकोजच्या बिस्किटांचं घराचं खोकं काढलं. चार भिंती, उतरतं छप्पर, जोडायला कोनातलं कंपाउंड. कोपरे जोडून दहा मिनिटं हात लावायचा नाही, छप्पर त्यानंतर. काही घरांत त्याचा ख्रिस्तजन्माचा गोठा होतो, पुढची भिंत न लावता. ही कल्पना गिऱ्हाइकांची, आम्ही ती नंतर पत्रिकेत घातली.

भावांचं म्हणाल तर 2024 हे वर्ष विचित्र गेलं. कोकोचा भाव डिसेंबरात जागतिक बाजारात टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला. पांढऱ्या कंपाउंडात कोकोची पूड नसते, म्हणून चॉकलेटवाल्यांइतकी झळ आम्हाला लागली नाही, पण सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं होतं आणि कंपाउंड म्हणजे शेवटी तेलच. खोकं महाग न करता आम्ही गडद कंपाउंड कमी केलं, रेनडिअर कमी आणि हिममानव जास्त झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं आणि चॉकलेटवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा रेनडिअर परतले.

खोकी भरायला नोव्हेंबरच्या मध्यावर लागतो, त्याआधी भरलेला बत्तासा हवा ओढून चिकट होतो. नागपूर, नाशिक, पुण्याकडे डिसेंबरची थंडी असते, तिकडे पाठवताना काळजी नसते. चेन्नईहून विचारणा होते, पण दुपारच्या उन्हात उभ्या टेम्पोत कंपाउंड मऊ पडून कोनाचा आकार जातो, म्हणून तिकडे सध्या पाठवत नाही. ऑर्डर 15 डिसेंबरपर्यंत घेतो. त्यानंतर मुलींना नमुन्याची बिस्किटं करायलाही वेळ नसतो, आणि माझ्या घरचे कुलकुल अजून वळायचे असतात.