जीएमची खुर्ची रिकामी झाली तो दिवस

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची सर्वोच्च लीग आहे. तिच्यात ३२ संघ आहेत, म्हणजे जनरल मॅनेजरच्या (जीएमच्या) खुर्च्याही ३२च. संघात कोण असावे, कोणाला किती पैसे द्यावेत, कोणाला दुसऱ्या संघाच्या हवाली करावे आणि प्रशिक्षक किती दिवस ठेवावा, हे ज्याच्या शब्दाने ठरते तो हा माणूस. आयपीएलच्या लिलावात टेबलाशी बसणाऱ्यांचे काम तो वर्षाचे बारा महिने करत असतो. अशाच एका संघाच्या कार्यालयात मी खेळाडूंचे करार आणि वेतनमर्यादेचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेचा, हिशेब पाहते. पुण्यात संख्याशास्त्र शिकून कॅनडात आले आणि या खेळाची गोडी लागली ती कायमची. संघाचे आणि माझ्या सहकाऱ्यांचे नाव इथे घेणार नाही, कारण ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे तो त्यांच्यापैकी कोणाच्याच दृष्टीने चांगला दिवस नव्हता.

हिवाळा नुकताच लागला होता आणि आमचा संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता. अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या सुमारास जे संघ प्लेऑफच्या जागांबाहेर असतात त्यांतले बहुतेक हंगाम संपेपर्यंत बाहेरच राहतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असते, त्यामुळे नोव्हेंबर उलटला की मालकांच्या चकरा वाढतात. तरीही त्या सकाळी आम्ही कार्यालयात जमलो तेव्हा बोलणे चालले होते ते नेहमीच्या कामाचे. दोन गोष्टी हातावेगळ्या करायच्या होत्या. एका संघाबरोबर बचावपटूंची अदलाबदल जवळपास ठरली होती, आणि दुसऱ्या एका संघाने आदल्या दिवशी वेव्हर्सवर टाकलेल्या, म्हणजे इतर संघांना उचलण्यासाठी खुल्या केलेल्या, तरुण आघाडीच्या खेळाडूला उचलायचे की नाही, याचे उत्तर दुपारी दोनच्या आत लीगला कळवायचे होते.

अदलाबदलीचे कागद माझ्याकडे होते. आमच्या बचावपटूच्या करारात, तो ज्या संघांकडे जाण्यास नकार देऊ शकतो अशा संघांची यादी होती, आणि समोरचा संघ त्या यादीत नाही याची मी पुन्हा एकदा खात्री करून घेत होते. या यादीचे मोल काय असते, ते इवगेनी दादोनोव याच्या प्रकरणावरून साऱ्या लीगला कळले आहे. मार्च २०२२मध्ये वेगास संघाने त्याला अ‍ॅनहाइमकडे दिले, पण त्याच्या यादीत अ‍ॅनहाइमचे नाव असल्याचे उघड झाले आणि दोनच दिवसांत लीगने तो सौदा रद्द केला. त्याआधी त्याला वेगासकडे पाठवणारा संघ होता ओटावा, आणि त्याने ही यादी वेगासला कळवलीच नव्हती. १ नोव्हेंबर २०२३ रोजी लीगने ओटावाची ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, पहिल्या फेरीची एक निवड काढून घेतली आणि त्याच दिवशी जीएम पियेर डोरियन यांना पद सोडावे लागले. एक कागद पुढे न सरकल्याची ही किंमत आहे. त्यामुळे सह्या होण्याआधी प्रत्येक कलम बोटाने ओळ धरून वाचायचे, ही माझी रीत आहे.

दहाच्या सुमारास आमच्या जीएमना वरच्या मजल्यावर बोलावणे आले. ते परतले तेव्हा त्यांच्याबरोबर मनुष्यबळ विभागाचे एक गृहस्थ होते आणि आम्हाला वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही. जीएमनी खुंटीवरचा कोट काढला, टेबलावरची चष्म्याची डबी खिशात टाकली आणि भिंतीवरच्या फळ्याकडे क्षणभर पाहिले. त्या फळ्यावर आमच्याच नव्हे, तर दुय्यम लीगमधल्या आणि अजून कॉलेजात खेळणाऱ्या आमच्या मुलांच्याही चुंबकी पट्ट्या लावलेल्या असतात. पांढरी पट्टी चालू कराराची, पिवळी या उन्हाळ्यात संपणाऱ्या कराराची आणि निळी अजून करार न झालेल्या पोराची. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "दोन वाजताचं विसरू नका. तो पोरगा आपल्याला हवा आहे." त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दोन वाक्यांनी दुणावला, कारण ज्या संघाने त्यांना पाच मिनिटांपूर्वी नारळ दिला होता त्याला ते अजूनही 'आपण' म्हणत होते.

पुढच्या तासाभरात त्यांचे संगणकाचे खाते बंद झाले, संघाचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि फोन खणखणू लागले. खेळाडूंच्या एजंटांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की चालू असलेल्या वाटाघाटी आता कोणाशी करायच्या. युरोपातल्या आमच्या स्काउटने विचारले की संध्याकाळचा सामना पाहायला जाऊ की घरी परतू. मी त्याला जायला सांगितले, कारण जीएम कोणीही असो, जूनमध्ये ड्राफ्ट येतोच आणि १८ वर्षांच्या मुलांची पारख करण्याचे काम कोणासाठी थांबत नाही. सहायक जीएमना हंगामी जबाबदारी देण्यात आली. त्यांचा चेहरा पाहून ही बढती आहे असे कोणी म्हणाले नसते.

अकराच्या पुढे समोरच्या संघाच्या जीएमचा फोन आला आणि त्यांनी सौजन्याने, पण स्पष्टपणे अदलाबदल थांबवली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. अदलाबदल पक्की होते ती लीगच्या नोंदणी विभागाबरोबरच्या संयुक्त फोनवर, जिथे दोन्ही संघ नावे, निवडी आणि कोणाच्या पगाराचा किती हिस्सा कोण उचलणार हे मोठ्याने वाचून दाखवतात आणि दोघांचा होकार नोंदला जातो. त्या क्षणापर्यंत सारे काही दोन जीएमच्या शब्दावर उभे असते, आणि आमच्या बाजूचा शब्द देणारा माणूस तेव्हा मोटारीत बसून घरी निघाला होता. ज्या बचावपटूची अदलाबदल व्हायची होती तो खाली बर्फावर सराव करत होता. आपण जाणार होतो आणि आता जाणार नाही, यातले काहीही त्याला ठाऊक नव्हते.

वेव्हर्सचे काम मात्र थांबवता येण्यासारखे नव्हते. ठरावीक अनुभव झालेल्या खेळाडूला दुय्यम लीगमध्ये पाठवायचे असेल, तर आधी बाकीच्या ३१ संघांना त्याला विनामोबदला उचलण्याची संधी द्यावी लागते. ती २४ तास असते आणि एकाहून अधिक संघ पुढे आले तर गुणतक्त्यात सर्वांत खाली असलेल्याला खेळाडू मिळतो, म्हणजे आम्ही मागणी केली तर तो आम्हालाच मिळणार, हे जवळपास नक्की होते. अडचण दुसरीच होती. संघात २३ जणच ठेवता येतात आणि आमचे २३ भरलेले होते. नवा खेळाडू घ्यायचा तर आमच्यातल्या एकाला वेव्हर्सवर टाकणे भाग होते, आणि तो एक म्हणजे ड्रेसिंगरूममध्ये सर्वांचा आवडता, उतरत्या वयाचा खेळाडू होता. वेतनमर्यादेचा हिशेब दर दिवसाचा असतो, त्यामुळे उरलेल्या दिवसांचा नव्या खेळाडूचा भार किती, जुना खाली गेल्यास सुटका किती रकमेची, हे मी तीन ओळींत मांडून हंगामी जीएमपुढे ठेवले. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, निर्णय तुमचा. पदच्युत जीएमनी ठरवलेली गोष्ट त्याच दिवशी अमलात आणायची, तीही लाडक्या खेळाडूला घरचा रस्ता दाखवून, हे कठीण होते आणि गप्प बसून दोन वाजू देणे फार सोपे होते. त्यांनी मागणीचा अर्ज पाठवायला सांगितले. मी तो पाठवला, पोच आली आणि मग दोन वाजले.

दुपारी मालकांच्या कार्यालयातून निरोप आला की संघाची सद्यःस्थिती सांगणारा एक दस्तऐवज नव्या जीएमच्या शोधासाठी तयार करा. तो लिहिताना गेल्या तीन वर्षांचे निर्णय एकापाठोपाठ एक माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि या धंद्यातली जी गोष्ट मला खटकत आली आहे ती त्या पानांवर स्पष्ट दिसू लागली. जीएमचा करार बहुधा चार-पाच वर्षांचा असतो. त्याने पहिल्या उन्हाळ्यात निवडलेला १८ वर्षांचा मुलगा खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला तेवढाच, बचावपटू किंवा गोलरक्षक असेल तर त्याहूनही अधिक काळ लागतो. आमच्या जीएमनी निवडलेल्या मुलांपैकी एकही अजून आमच्यासाठी एनएचएलचा सामना खेळला नव्हता. त्यांचा निकाल लागला तो त्यांच्या आधीच्या माणसाने दिलेल्या लांब मुदतीच्या करारांवर.

हे आमच्यापुरते नाही. शिकागोचे जीएम डेल टॅलन यांनी २००६मध्ये जोनाथन टेव्ज आणि २००७मध्ये पॅट्रिक केन यांना निवडले, २००९मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि त्याच जुलैमध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढच्याच वर्षी तो संघ स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला तेव्हा जीएमच्या खुर्चीत स्टॅन बोमन होते. मॉन्ट्रियलचे मार्क बर्झव्हाँ यांचा संघ जुलै २०२१मध्ये अंतिम फेरी खेळला आणि नोव्हेंबर संपायच्या आत त्यांना जावे लागले. याच्या उलट उदाहरण कोलोराडोचे आहे आणि ते मी वारंवार सांगते. २०१६-१७च्या हंगामात त्या संघाने ८२ सामन्यांत अवघे ४८ गुण मिळवले. सर्वांत वाईट संघ म्हणून पहिल्या निवडीची सर्वाधिक शक्यता त्यांची होती, पण सोडतीत ते चौथ्या क्रमांकावर घसरले. जीएम जो साकिक यांना मालकांनी तरीही हलवले नाही. चौथ्या निवडीतून त्यांनी केल मकार घेतला. संघ सोडू पाहणाऱ्या मॅट डुशेनसाठी मिळेल ते पदरात पाडून न घेता ते थांबले, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये तीन संघांच्या सौद्यात त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू आणि निवडी मिळवल्या. २०२२मध्ये त्यांनी स्टॅन्ले कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो मकार. साकिक त्या संघाचे लाडके माजी कर्णधार होते, म्हणून त्यांना ही सवलत मिळाली असे कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे असावे. पण मग तेवढी सवड पहिल्या दिवसापासून प्रत्येक जीएमला का मिळू नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

नवा माणूस निवडण्याची वाट आता पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, ही मात्र समाधानाची बाब आहे. माजी खेळाडू किंवा जुना जीएम एवढीच यादी एके काळी असे. आयलँडर्स संघाने तर २००६च्या उन्हाळ्यात नील स्मिथ यांना नेमून अवघ्या ४० दिवसांत काढले आणि त्यांच्या जागी स्वतःच्याच राखीव गोलरक्षकाला, गार्थ स्नो यांना, निवृत्त करून बसवले. आज मॉन्ट्रियलचे केंट ह्यूज खेळाडूंचे एजंट होते, फ्लोरिडाला २०२४ आणि २०२५मध्ये कप मिळवून देणारे बिल झिटोही त्याच व्यवसायातून आले, आणि २०२४मध्ये कॅरोलिनाचे जीएम झालेले एरिक टल्स्की रसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आकडेवारीच्या विभागातून वर आले. दुसऱ्या संघात नोकरीला असलेल्या उमेदवाराशी बोलायचे तर आधी त्याच्या संघाची परवानगी मागावी लागते. आमच्या दस्तऐवजाबरोबर अशी पत्रेही तयार झाली.

त्या दस्तऐवजात मी एक पान घालायचे सुचवले. संघाने कोणत्या हंगामात प्लेऑफ गाठावा अशी मालकांची अपेक्षा आहे, आणि तोपर्यंत पराभव झाले तर किती सोसण्याची त्यांची तयारी आहे, हे त्यांनी स्वतः लिहून उमेदवाराच्या हाती द्यावे, असा त्याचा आशय होता. वरून ते पान कापले गेले. पुढे मुलाखतींच्या वेळी एका उमेदवाराने नेमका हाच प्रश्न मालकांना तोंडावर विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बदलू दिला नाही, असे हंगामी जीएमनी मला सांगितले. निवड त्याच उमेदवाराची झाली.

नव्या जीएमनी मोडलेली अदलाबदल पुन्हा जुळवली नाही, उलट त्या बचावपटूचा करार वाढवला. दोनच्या आत उचललेला पोरगा आमच्या तिसऱ्या फळीत पक्का झाला आहे, आणि जुन्या जीएमनी पहिल्या वर्षी निवडलेल्यांपैकी दोघांच्या निळ्या पट्ट्या फळ्यावरून निघून त्या जागी पांढऱ्या लागल्या आहेत. ते स्वतः आता दुसऱ्या एका संघाचे सल्लागार आहेत.