आइसलँडच्या मैदानावरच्या मुली

आइसलँडची सगळी लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तरीही तिथे महिलांची राष्ट्रीय फुटबॉल लीग 1972 पासून चालू आहे, याचे मला अजूनही नवल वाटते. राजधानी रेक्याविकचा वालुर आणि तिला लागूनच असलेल्या कोपावोगुरचा ब्रेइदाब्लिक हे तिथले मातब्बर क्लब. पण 2012 आणि 2017 मध्ये विजेतेपद पटकावले ते उत्तरेकडच्या अकुरेरीच्या संघाने, आणि ही गोष्ट मला विशेष आवडते.

त्याहून नवलाची कथा वेस्टमन बेटांची. मुख्य बेटाच्या दक्षिणेस, जेमतेम साडेचार हजार वस्तीच्या या मासेमारीच्या बेटावरील ईबीव्ही क्लबच्या महिलांनी 2004 आणि 2017 मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला. राष्ट्रीय संघासाठी 124 सामन्यांत 79 गोल करणारी मार्ग्रेत लाउरा विदार्सदोत्तिर इथलीच. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, वर बोचरा वारा. म्हणून सराव बंदिस्त सभागृहांतल्या कृत्रिम हिरवळीवर चालतो आणि लीग मात्र उन्हाळ्याभोवती खेळली जाते. एवढ्याशा देशाच्या महिला 2009 पासून प्रत्येक युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेला पात्र ठरल्या आहेत. पुरुषांना ते आजवर एकदाच, 2016 मध्ये, जमले.