आमची वाटचाल : छप्पन्न अंश, तीस मिनिटं

२००३ साली आम्ही तिघा मित्रांनी सॉफ्टवेअरची छोटी कंपनी काढली. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला. काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. पण एकदा पैसे मोजले की पुढची दुरुस्ती फुकटच हवी, असं बहुतेकांचं म्हणणं. अडीच वर्षांत गाठीशी होतं ते संपलं आणि मी भोसरीला बाबांच्या शेडवर आलो. बाबा कारखान्यांतून मोडकी लाकडी पॅलेटं (माल रचून हलवायचे फळ्यांचे पाट) उचलायचे, फळ्या बदलून, नवे खिळे मारून परत विकायचे. हिंजवडीत भरती चालू असताना इंजिनिअर झालेला मुलगा खिळे उपसतोय, हे आईच्या पचनी पडायला बराच काळ गेला.

दुरुस्तीवर घर चालायचं, पण मागे काही पडत नव्हतं. खरं काम निर्यातीच्या पॅलेटांत होतं. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं राहिली पाहिजे, तरच गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि आपला नंबर असलेला शिक्का मारता येतो. २००९ साली घर गहाण ठेवून आम्ही हीट चेंबर, म्हणजे लाकूड तापवायची बंद खोली, बांधला.

सगळ्यात जाड ठोकळ्याला ड्रिलने भोक पाडायचं, आत सेन्सर घालायचा, बाहेरची गरम हवा लागू नये म्हणून तोंड बुजवायचं आणि आकड्याकडे बघत बसायचं. एका रात्री बाविसाव्या मिनिटाला वीज गेली, आकडा ५६च्या खाली आला. मुकादम म्हणाला, "दादा, आठच मिनिटं राहिली होती. गाडी उभी आहे." बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, "आपला नंबर उमटतो त्याच्यावर. पहिल्यापासून लाव." गाडी सकाळी गेली.

पुढच्याच पावसाळ्यात आम्ही तोंडघशी पडलो. शिक्का बरोबर होता, कीड मेली होती, पण लाकूड ओलं राहिलं होतं. बंद कंटेनरमध्ये महिनाभर राहून पॅलेटांवर बुरशी आली आणि खोके डागाळले. चूक सर्वस्वी आमची होती. नुकसान भरून दिलं आणि ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. तेव्हापासून २० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल गेटबाहेर जात नाही.

आमच्यातला एक मित्र सॉफ्टवेअरमध्येच टिकला आणि त्याने उत्तम कमावलं. त्याचा हजारावा ग्राहक आला तरी खर्च फारसा वाढत नाही. माझ्या हजाराव्या पॅलेटला पहिल्याइतकंच लाकूड लागतं. त्यामुळे आमची कमाई ठरते कटाईवर. १२०० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आठ फुटी फळीतून काढल्या तर जेमतेम चार सेंटिमीटर उरतात, दहा फुटीतून काढल्या तर दोन फुटांहून जास्त तुकडा हातात राहतो. कुठल्या ऑर्डरला कुठली लांबी उचलायची, याचा छोटा प्रोग्राम मीच लिहिला. भोसरीत मी लिहिलेला तो एकमेव प्रोग्राम, आणि माझ्या सगळ्या प्रोग्राममध्ये सर्वात जास्त पैसा त्यानेच दिला. भुसा पोल्ट्रीवाले नेतात, तो पैसा वेगळा ठेवतो आणि दिवाळीला कामगारांत वाटतो.

तेरा वर्षं मी पगाराएवढंच घरी नेलं, उरलेलं यंत्रात आणि हप्त्यांत गेलं. उधारी मात्र कायमची डोकेदुखी. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं, हे २००६च्या कायद्यात होतंच. पण उशीर झाला तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करात धरता येत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४पासून लागू झाली आणि मार्चअखेरीस आम्हाला उलटे फोन येऊ लागले, "बिल पाठवा लवकर."

२०२२ साली चाकणला एमआयडीसीचा प्लॉट घेतला, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा. घरावरचं कर्ज त्याआधीच फिटलं होतं, कागद बँकेतून आणून आईच्या हातात दिले. सध्या दुसऱ्या चेंबरचं वेल्डिंग चालू आहे. पावसाआधी तो पेटवायचा आहे, नाहीतर ओलं लाकूड पुन्हा शेडभर पडून राहील.