रिकाम्या जागा भरा

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या मॅरिनी या जुन्या वस्तीत एक घर कित्येक वर्षे ओसाड पडले होते. २०११ मध्ये, त्याच परिसरात राहणाऱ्या कँडी चँग या कलावतीने त्या घराची एक बाजू फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून घेतली, तिच्यावर 'मरण्यापूर्वी मला' एवढ्याच अर्थाचे अर्धे इंग्रजी वाक्य ओळीमागून ओळ छापले, प्रत्येक ओळीपुढे एक रेघ मोकळी सोडली आणि खाली खडू ठेवले. त्यापूर्वी दोन वर्षे, २००९ साली, तिला आईच्या जागी असलेली एक स्त्री अचानक गेली होती. त्या शोकातून बाहेर येताना मृत्यूचा विचार एकटीने करण्यापेक्षा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसमवेत करावा, असे तिला वाटले. घरमालकाची, शेजाऱ्यांची आणि शहरातील निरनिराळ्या समित्यांची संमती मिळवून तिने ही भिंत उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळ्या रेघा भरलेल्या होत्या.

समुद्री चाच्याचा वेष करून आलेल्या एका गृहस्थाने लिहिले होते की, मरण्यापूर्वी चाचेगिरीच्या आरोपाखाली आपल्यावर खटला चालावा. दुसऱ्या कुणाला 'तिला' आणखी एकदा मिठीत घ्यायचे होते. पुढे सत्तरहून अधिक देशांत अशा पाच हजारांवर भिंती झाल्या.

भिंतीवर जीवनाविषयी लिहिण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात रोज सुविचार लिहिणारे एखादे काका प्रत्येक गावात असतात. मात्र तो सुविचार आधीच पूर्ण झालेला असल्यामुळे आपण तो वाचतो, मान डोलावतो आणि भाजी आणायला पुढे जातो. चँगच्या भिंतीवरची रेघ वाचून तसे पुढे जाता येत नाही, आणि मला तर त्या कलाकृतीत रंग व अक्षरांपेक्षा ती रेघच महत्त्वाची वाटते.

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत असाच फळा मांडण्याचे मी सुचवले, तेव्हा पहिली अडचण व्याकरणाची आली. इंग्रजी वाक्य रेघेपाशी मोकळे सुटते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने 'मरण्यापूर्वी मला ____ आहे' असे लिहावे लागते, आणि ते 'आहे' शाळेतल्या 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नासारखे उत्तराची वाट अडवून बसते. शेवटी आम्ही ते काढून टाकले. दुसरी अडचण अधिक मोठी होती. 'बाप्पासमोर मरणाचं कसलं अभद्र लिहिता?' असे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले आणि त्यांच्याशी वाद घालण्याची कुणाचीच छाती झाली नाही. मग 'या जन्मी मला' असे लिहायचे ठरले. पुढचा जन्म हाताशी ठेवल्याने प्रश्नाची धार जराशी बोथट झाली, हे मला आजही खटकते. पण लोकांनी लिहिले, हेही खरे.

पहिल्या संध्याकाळी मुलांनी क्रिकेटपटू आणि यूट्यूबर होण्याच्या इच्छा लिहिल्या. एका त्रस्ताने 'आपली लिफ्ट सलग आठवडाभर चाललेली पाहायची आहे' असे लिहिले आणि त्याखाली चौघांनी 'मलाही' म्हणून भर घातली. आजींनी, कुणी पाहत नाही असे समजून, 'एकदा पायी पंढरपूर' असे थरथरत्या अक्षरात लिहिले. त्यांचे गुडघे पाहता ते कसे जमावे, हे त्यांनाही ठाऊक असणार.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फळा धुवायला घेतला, तेव्हा अगदी खालच्या रेघेवर कुणीतरी लिहून तळहातानेच पुसलेले दिसले. खडूचा पांढरा फराटा उजवीकडे ओढला गेला होता आणि त्याच्याखाली 'दादाशी बोला' एवढी अक्षरे लागत होती. पुढचे काही लागत नव्हते. मी बाकीचा फळा धुतला; ती ओळ मात्र ओले फडके हातात धरून बराच वेळ तशीच ठेवली.