निकाल बदलला, लाल कार्ड राहिलं

फुटबॉलच्या नोंदवहीत प्रत्येक सामन्यासमोर मी निकालाचे दोन रकाने ठेवतो. पहिल्यात मैदानावर काय झालं ते, दुसऱ्यात फिफाने काय मान्य केलं ते. बहुतेक ओळींत दोन्ही आकडे एकच असतात. जिथे ते वेगळे पडतात तिथे शेरा लिहावा लागतो: कोणता खेळाडू, कोणत्या कारणाने अपात्र, निर्णयाची तारीख कोणती. पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे या बेटांच्या देशाच्या २०१३ च्या पानावर असा शेरा आहे आणि २०१४ च्या विश्वचषकाची एक अख्खी मोहीम त्या शेऱ्यावर फिरली. १३ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री पान लावताना तो पुन्हा समोर आला, आणि अजून डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी प्राया शहरात केप व्हर्डेने इस्वातिनीला ३-० हरवलं आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं केलं. मध्यंतराला गोलफलक कोरा होता. दुसऱ्या सत्रात आधी डायलन लिव्ह्रामेंतो, मग विली सेमेदो आणि भरपाई वेळेत सदतीस वर्षांचा बदली खेळाडू स्तोपिरा यांनी गोल केले. तिकडे कॅमेरून अंगोलाविरुद्ध ०-० असं अडकलं. गटात केप व्हर्डे २३ गुण, कॅमेरून १९. पाच दिवस आधी लिबियात १-३ अशा पिछाडीवरून ३-३ केलेल्या सामन्यात शेवटी शेवटी झालेला गोल ऑफसाइड ठरला नसता, तर हा निर्णय तेव्हाच लागला असता.

अशा रात्री क्रीडा पानावर बातमीशेजारी एक चौकट जाते, ‘असा झाला प्रवास’ छापाची. शंभर-सव्वाशे शब्द. वरिष्ठांना तिच्यात लोकसंख्या हवी असते, कारण सव्वापाच लाख हा आकडा मथळ्यात छान बसतो. दहा बेटं, त्यातली एक निर्मनुष्य, १९७५ मध्ये पोर्तुगालकडून स्वातंत्र्य, १९८६ मध्ये फिफाचं सदस्यत्व. हे सगळं खरंच आहे. पण एवढंच छापलं की वाचकाला वाटतं, हा संघ परवा उगवला. २००० साली पश्चिम आफ्रिकी देशांच्या आमिल्कार काब्राल चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी सेनेगलला १-० हरवलं होतं. त्याच वर्षी विश्वचषक पात्रतेत ते पहिल्यांदा उतरले आणि अल्जीरियाकडून ०-० व ०-२ असे बाहेर पडले. २०१२ मध्ये सॅम्युएल एटोच्या कॅमेरूनला घरच्या मैदानावर २-० हरवून आणि याउंदेत फक्त १-२ ने हरून त्यांनी २०१३ च्या आफ्रिका चषकात पहिल्यांदा प्रवेश मिळवला. प्रशिक्षक लुसियो अंतुनेस पेशाने हवाई वाहतूक नियंत्रक. त्या स्पर्धेत यजमान दक्षिण आफ्रिकेशी ०-०, मोरोक्कोशी १-१, अंगोलावर २-१. उपांत्यपूर्व फेरीत घानाकडून ०-२. गोलरक्षक व्होझिन्या आणि रायन मेंडेस त्या संघात होते आणि २०२५ च्या संघातही आहेत. बारा वर्षं एकाच संघाचा कणा टिकणं ही घोकंपट्टीने लिहिलेल्या ‘परीकथे’पेक्षा कितीतरी मोठी बातमी आहे.

चौकटीचा कच्चा मजकूर डेस्कवरच्या नव्या उपसंपादकाने आणला. मुलगा हुशार आहे, वेगाने लिहितो. त्यात एक वाक्य होतं: ‘२०१३ मध्ये ट्युनिशियाकडून ०-३ असा पराभव झाल्याने केप व्हर्डेचा विश्वचषक हुकला.’ मी विचारलं, हे कुठून घेतलं? त्याने मोबाईलवरचं ॲप दाखवलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं: ट्युनिशिया ३, केप व्हर्डे ०. शेजारी बारीक चांदणी होती, पण ती दाबून बघायची सवय आता कोणालाच नाही. ॲपवरचा तक्ता आला की तोच अंतिम, ही सध्याच्या डेस्कवरची सर्वात वाईट खोड आहे, आणि तिला मुलांपेक्षा त्यांना घाईत ढकलणारे आम्ही वरचे लोक जास्त जबाबदार आहोत.

७ सप्टेंबर २०१३ रोजी रादेसच्या मैदानावर केप व्हर्डे हरलं नव्हतं. ट्युनिशियाला त्यांच्या घरात २-० हरवलं होतं. प्लातिनी आणि एल्दोन यांचे गोल. ट्युनिशियाचे प्रशिक्षक नबील मालूल यांनी त्या पराभवानंतर राजीनामा दिला. केप व्हर्डे गटात पहिलं आलं, म्हणजे आफ्रिकेतल्या शेवटच्या दहा संघांत, विश्वचषकापासून फक्त दोन सामने दूर. १२ सप्टेंबरला फिफाचा निर्णय आला: बचावपटू फर्नांदो व्हारेला निलंबित असताना खेळवला, म्हणून सामना ट्युनिशियाला ३-० असा बहाल. पाच दिवसांत सगळं उलटं.

मुलाने विचारलं, “सर, निलंबित कशासाठी?” उत्तर सांगितल्यावर तो खुर्ची ओढून बसला.

२४ मार्च २०१३ रोजी केप व्हर्डे इक्वेटोरियल गिनीत खेळलं. मैदानावर ३-४ हरलं. यजमानांच्या एमिलियो एन्सुएने तीन गोल केले. व्हारेलाला सामनाधिकाऱ्याशी गैरवर्तन केल्याबद्दल लाल कार्ड मिळालं. तेव्हाच्या फिफा शिस्तसंहितेत अधिकाऱ्याशी गैरवर्तनाला किमान चार सामन्यांचं निलंबन होतं, आणि त्याला चारच मिळाले. इथपर्यंत सरळ आहे. पण एन्सुए मायोर्कात जन्मलेला, स्पेनच्या युवा संघांतून खेळलेला खेळाडू. देश बदलण्याची त्याची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती. म्हणून तो अपात्र ठरला आणि फिफाने त्या सामन्याचा निकाल फिरवून केप व्हर्डेला ३-० असा विजय दिला.

“म्हणजे सामनाच रद्द. मग कार्डही रद्द ना?”

हाच तो सापळा, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. सामना रद्द होत नाही. तो खेळला गेलेला असतो. बदलतो फक्त त्याचा निकाल आणि त्यातून येणारे गुण. अपात्र खेळाडू खेळवणाऱ्या संघावर ०-३ चा पराभव लादतात. मैदानावर समोरच्याने त्याहून मोठ्या फरकाने जिंकलेलं असेल तर मूळ आकडा ठेवतात. लाल कार्डाबद्दल नियम वेगळा आणि कडक आहे: सामना अर्धवट सुटो, निकाल फिरवला जावो, मैदानाबाहेर काढलेल्या खेळाडूचं निलंबन कायम राहतं. आणि ते असायलाच हवं. पंचाला शिवीगाळ करणाऱ्याची शिक्षा समोरच्या संघाच्या कागदपत्रांतल्या चुकीने का माफ व्हावी?

मोजणी कशी करतात तेही कागदावर मांडून दाखवलं. लाल कार्ड २४ मार्च. निलंबन पुढच्या अधिकृत सामन्यापासून सुरू; विश्वचषक पात्रतेतलं निलंबन मैत्रीपूर्ण सामन्यात बाहेर बसून फिटत नाही. पहिला सामना ८ जून, प्रायात इक्वेटोरियल गिनीविरुद्ध. दुसरा १५ जून, सिएरा लिओनविरुद्ध. तिसरा ७ सप्टेंबर, रादेस. चारपैकी दोनच फिटले होते. दोन बोटांवर मोजता येणारा हिशेब. जो कोणी संघाची यादी सही करून सामना आयुक्तांकडे (सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) देतो त्याच्या खिशात खेळाडूगणिक एक ओळ हवी: कार्डाची तारीख, शिक्षेचे सामने, फिटलेले सामने, उरलेले. संगणक नसला तरी चालतं, वही पुरते. गडबड होते ती तीन ठिकाणी. दोन वेगवेगळ्या सामन्यांतली दोन पिवळी कार्डं मिळून एक सामना बाहेर बसावं लागतं, हे विसरलं जातं, कारण त्यांच्यामध्ये कित्येक महिने जातात. आफ्रिका चषकाच्या पात्रतेची आणि विश्वचषकाच्या पात्रतेची कार्डं एकाच वहीत मिसळली जातात. आणि संघ व्यवस्थापक बदलला की जुनी वही त्याच्याबरोबर घरी जाते.

केप व्हर्डे यात एकटं नव्हतं. त्याच २०१३ च्या जूनमध्ये टोगोने अलेक्सी रोमाओला खेळवून कॅमेरूनला २-० हरवलं. दोन पिवळ्या कार्डांमुळे तो बाद होता, निकाल कॅमेरूनला ३-०. इथिओपियाने मिन्याहिल बेयेनेला बोत्सवानाविरुद्ध खेळवलं, तीच चूक, तीन गुण गेले, तरी गटात पहिले राहिले. पुढच्या फेरीत ट्युनिशिया आणि कॅमेरून समोरासमोर आले. दोघांच्याही खात्यात टेबलावर, म्हणजे मैदानाऐवजी फिफाच्या निर्णयाने, मिळालेला एकेक ३-० विजय होता. पहिला सामना ट्युनिसला, ०-०, तारीख १३ ऑक्टोबर २०१३. केप व्हर्डेने इस्वातिनीला हरवलं त्याच्या बरोबर बारा वर्षं आधीचा दिवस. परतीच्या सामन्यात ट्युनिशिया १-४ हरलं.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती. चौकटीतलं वाक्य दुरुस्त करण्यासाठी मी केप व्हर्डेच्या त्या वेळच्या पात्रता गटाचा, गट ‘ब’चा, गुणतक्ता तीन प्रकारे मांडला. एरवी एवढं कोणी करत नाही, पण हळहळ छापण्याआधी गणित बघावं, हा माझा हट्ट आहे.

फक्त मैदानावरचे निकाल धरले, तर ट्युनिशिया ११, केप व्हर्डे ९. म्हणजे रादेसमध्ये २-० जिंकूनही केप व्हर्डे दुसरंच.

फक्त एन्सुएचा निर्णय धरला, तर केप व्हर्डे १२, ट्युनिशिया ११.

दोन्ही निर्णय धरले, तर ट्युनिशिया १४, केप व्हर्डे ९. सिएरा लिओन ८.

दर वेळी छापलं जातं की फिफाच्या टेबलाने केप व्हर्डेचा विश्वचषक हिरावला. अर्धंच खरं. त्याच टेबलाने आधी त्यांना तीन गुण दिले नसते, तर रादेसचा सामना निर्णायकही ठरला नसता. आणि ज्या सामन्याने ते तीन गुण दिले, त्याच सामन्यातल्या लाल कार्डाने तीन गुण परत नेले. एकाच नव्वद मिनिटांतून एकाच संघाच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. माझ्या वहीत याच्यासारखी दुसरी ओळ नाही.

मग अन्याय झाला की नाही? मला अजून दोन्ही बाजू पटतात. नियम बरोबर आहे. यादीची जबाबदारी संघटनेची आहे आणि ती लहान देशाला माफ करता येत नाही; उद्या मोठाही तेच मागेल. पण निलंबनाचा आदेश फिफाचाच, यादी घेणारा सामना आयुक्तही फिफाने नेमलेला. सामन्याआधी तासभर तरी ती यादी त्याच्या हातात असते. निलंबितांची नावं तिच्याशी ताडून तिथेच लाल रेघ मारायला पाच मिनिटं लागतात. तपासणी सामन्यानंतर करायची आणि मग सामनाच उलटवायचा, यात शिक्षा खेळलेल्या अकरा जणांना होते आणि कागद सांभाळणारा माणूस मैदानावर कधी दिसतही नाही.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. २१ मार्च २०२५ ला दक्षिण आफ्रिकेने दोन पिवळी कार्डं असलेल्या तेबोहो मोकोएनाला लेसोथोविरुद्ध खेळवलं आणि २-० जिंकले. फिफाने तो निकाल ०-३ असा फिरवला २९ सप्टेंबरला. सहा महिन्यांनी, पात्रतेचे शेवटचे दोन सामने तोंडावर असताना. लहान बेटांकडे माणसं नाहीत असं म्हणावं, तर दक्षिण आफ्रिकेकडे काय कमी आहे? आणि एन्सुएचं बघा. २०१३ नंतर तो इक्वेटोरियल गिनीकडून दहा वर्षं खेळला, कर्णधार झाला, जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या आफ्रिका चषकात पाच गोल करून सर्वाधिक गोलचा मान मिळवला. त्याच वर्षी फिफाने सांगितलं की तो या देशासाठी कधीच पात्र नव्हता, आणि नोव्हेंबर २०२३ चे नामिबिया व लायबेरियाविरुद्धचे दोन विजय काढून घेतले. जी यंत्रणा केप व्हर्डेच्या व्हारेलाला पाच दिवसांत पकडते, ती एन्सुएला एकदा पकडून मध्ये दहा वर्षं सोडून देते. यंत्रणा कडक असल्याचा मला राग नाही. ती कधी पाच दिवसांत, कधी सहा महिन्यांत, कधी दहा वर्षांत जागी होते, याचा आहे.

चौकटीत शेवटी असं गेलं: ‘२०१३: ट्युनिशियावर मैदानात २-० विजय, निलंबित खेळाडू खेळवल्याने सामना ०-३ बहाल, अंतिम पात्रता फेरी हुकली.’ जागेसाठी लोकसंख्येची ओळ काढली, त्यावर वरून फोन आला, ती पुन्हा घातली आणि २०१५ मध्ये एस्तोरिलला पोर्तुगालला २-० हरवल्याची ओळ गेली. मला ती जास्त मोलाची वाटत होती. तीन तक्ते मात्र कोणत्याही चौकटीत बसणारे नव्हते, म्हणून ते इथे.

पान सोडण्याआधी त्या मुलाने आपण होऊन इस्वातिनी सामन्याची अधिकृत यादी उघडली आणि लिबियाच्या सामन्यातली कार्डं एकेक करून तिच्याशी ताडायला घेतली. घड्याळाकडे बघत पानरचनाकार कुरकुरला. त्याला म्हटलं, थांब पाच मिनिटं.